सुटली का तुटली?

आमच्या पवनीकडे समुद्र म्हटलं की लोक गोसीखुर्दचं पाणी दाखवतात. चूक नाही त्यांचंही, सप्टेंबरात धरण भरलं की पलीकडचा काठ दिसत नाही आणि वारा सुटला तर लाटाही उठतात. १९८८ साली राजीव गांधींनी भूमिपूजन केलं तेव्हा माझे बाबा ते पाहायला ट्रॅक्टरवर बसून गेले होते, ती गोष्ट आमच्या घरी अजून दर दिवाळीला सांगितली जाते. पण खारं पाणी मी पहिल्यांदा पाहिलं ते वयाच्या एकतिसाव्या वर्षी, आणि त्या पाण्यात पहिला मासा गमावला तोही त्याच दिवशी. आजची पोस्ट त्या माशाबद्दल आहे, म्हणजे खरं तर माशाबद्दल नाही, गाठीबद्दल आहे.

माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. सबमर्सिबल, मोनोब्लॉक, पंखे, मिक्सर, जे जळून येईल ते. दिवसभर हातात तांब्याची तार, कॉइल भरायची, वर दोऱ्याने बांधणी करायची, वार्निश मारायचं. त्यामुळे मला आपल्या बोटांचा जरा जास्तच माज होता. पुण्याला नोकरी करणारा आमच्याच गावचा एक दोस्त आहे, त्याला समुद्रातल्या फिशिंगचं वेड लागलं आणि तो मागेच लागला की मालवणला चल, रॉड-रील माझं, तू फक्त ये. मग भंडारा रोडहून विदर्भ एक्सप्रेस, मुंबईहून कोकणकन्या, कुडाळला उतरून पुढे वडाप, असा दोन रात्री अंग मोडत गेलो. होडीवर त्याने रील हातात दिली, लीडरचा, म्हणजे मुख्य दोऱ्याच्या पुढे जोडायच्या जाड दोऱ्याचा, तुकडा दिला आणि म्हणाला थांब गाठ मी मारतो, तर मी म्हटलं, गाठीचं मले नको शिकवू, माझं पोट त्याच्यावर चालते.

यूट्यूबवर एकदा पाहिलेली डबल युनी, म्हणजे दोन दोरे जोडायची गाठ, मारली. दोन्ही बाजूंनी चार-चार वेढे, जसे आपण तलावावर नायलॉनला मारतो तसे. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, म्हातारा होता, त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "झिला, गाठ आधी बघ, मासो मगे." मी हसलो.

साधारण पंधरा वाव पाणी होतं, म्हणजे नव्वदेक फूट. जिग, म्हणजे धातूचं जड आमिष, खाली टेकवली, चार-पाच झटके देत वर आणली आणि मधेच रॉड अशी वाकली की कोणी खालून दोर धरून विहिरीत ओढून राहिलं असं वाटलं. रीलचा आवाज सुरू झाला, दोस्त ओरडून राहिला, मी ओरडून राहिलो, तांडेल तेवढा गप्प. आठ-दहा सेकंद. मग एकदम हलकं. एकदम काहीच नाही. रील फिरवून लाईन वर आणली तर टोकाला ना जिग ना लीडर, नुसता ब्रेड, म्हणजे रीलवरचा विणलेला मुख्य दोरा, आणि त्याचं टोक डुकराच्या शेपटीसारखं गोल-गोल पिळलेलं. मी म्हटलं लाईन तुटली, कंपनीचा माल खराब आहे. दोस्त काही बोलला नाही. त्याचा भलेपणा.

ते टोक मी कापून रेल्वेच्या तिकिटात गुंडाळून खिशात ठेवलं. का ठेवलं माहीत नाही, रागाने ठेवलं असेल.

आमच्या शेजारी ढिवरांचं घर आहे, तिथले आबा आता पंच्याहत्तरच्या पुढे असतील, डोळ्यांना कमी दिसते पण जाळं अजून विणतात. गावात आल्यावर संध्याकाळी त्यांना सगळी कहाणी सांगितली, मासा हात पसरून दाखवला (थोडा मोठाच दाखवला) आणि ते टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्याजवळ नेलंच नाही. अंगठा आणि बोटाच्या मधून सरकवलं, नखाने टोक खाजवलं आणि म्हणाले, "हे सुटली बे. तुटली नाही."

म्हटलं काहून?

"तुटली असती तं टोक सरळ राह्यलं असतं. घासली असती तं फुसडं निघालं असतं. दातानं कापली असती तं साफ असते, कातरीनं कापल्यासारखी. हे पीळ पाय. गाठीतून सरकत सरकत गेली हे. गाठ तूच मारली व्हती ना?"

आता आबांनी आयुष्यात पीई ब्रेड पाहिलेला नाही, समुद्र तर नाहीच नाही. पण नंतर मी जेवढं वाचलं आणि पाहिलं त्यात सगळीकडे हेच निघालं. सरकलेल्या गाठीचं टोक पिळलेलं येते, कारण दोरा वेढ्यांमधून ताणाखाली ओढत निघतो, तशी कात्रीच्या पात्यावर रिबीन ओढली की ती गोल होते ना, तसं. खडकाला घासलं असेल तर टोकाच्या आधीचा हातभर भाग खरखरीत लागते. दात असेल तर साफ. आणि गाठीतच तुटली असेल तर टोकाला एखादा अर्धवट वेढा किंवा चपटलेला भाग दिसते. तेव्हापासून मासा गेला की मी शिव्या नंतर देतो, आधी टोक पाहतो.

ब्रेड म्हणजे पॉलिएथिलीनचे अतिशय बारीक तंतू विणून केलेला दोरा, म्हणून पीई. त्याच जातीच्या फायबरपासून बुलेटप्रूफ जॅकेटं करतात. ताणत जवळपास नाहीच, त्यामुळे नव्वद फूट खाली माशाने नुसतं नाक लावलं तरी हाताला कळते. बारीक असल्याने पाण्याचा ओढा कमी बसतो, रीलवर लांबी जास्त बसते. पण दोन भानगडी आहेत. एक म्हणजे तो गुळगुळीत आहे, मेणचट, त्याच्यावर साधी गाठ पकडच घेत नाही. दुसरी म्हणजे खडक, शिंपले, होडीचा काठ, माशाचा खरखरीत गालफडा, कशालाही ताणाखाली घासला की गेला. म्हणून त्याच्या पुढे लीडर लागतो, नायलॉनची मोनो किंवा फ्लोरोकार्बन, जाड, एका तंतूची, घासणी सहन करणारी. थोडक्यात, ओढायचं काम ब्रेडचं आणि मार खायचं काम लीडरचं. आणि या दोघांचा स्वभाव एकदम वेगळा, एक मऊ बारीक निसरडा, दुसरा जाड ताठ, त्यांचं लग्न लावायचं म्हणजे ती गाठ. सगळी भानगड तिथेच.

मोनो आणि फ्लोरोमध्ये लोक फार भांडतात. माझं मत असं की आधी काम पाहा. मोनो ताणते, २०-२५ टक्के सहज, म्हणजे मोठा मासा होडीपाशी येऊन शेवटचा झटका देतो तेव्हा ती स्प्रिंगसारखी वागते. पण ती पाणी पिते आणि ओली झाली की थोडी कमजोर होते, उन्हानेही खराब होते. फ्लोरो पाणी पीत नाही, जड आहे, पाण्याच्या १.७८ पट, म्हणून लवकर बुडते, पाण्यात कमी दिसते कारण प्रकाश वळवण्याचा तिचा आकडा १.४२ आहे आणि पाण्याचा १.३३, नायलॉन त्याच्या बरंच वर. पण ताठ आहे, गाठ बसवताना त्रास देते आणि पैसे तिप्पट. पॉपर टाकायचा असेल, म्हणजे पाण्यावर फट्-फट् करणारं लाकडी-प्लास्टिकचं आमिष, तर फ्लोरो त्याचं नाक खाली ओढते, तिथे मोनोच बरी. खाली जिग सोडायची असेल तर फ्लोरो. इतकं सोपं आहे ते, उगाच भक्त बनू नये.

आणखी एक गंमत. आमच्या धंद्यात गेज वाढला की तार बारीक होते, २२ गेज ०.७१ मिलिमीटर आणि ३० गेज ०.३१. पीईचं उलटं, नंबर वाढला की दोरा जाड. पीई १ म्हणजे ०.१६५ मिलिमीटर, पीई ३ म्हणजे ०.२८५ च्या आसपास, आमच्या भाषेत ३१-३२ गेज. एका नंबरला साधारण दहा पौंड ताकद धरा असा अंदाज चालतो, चांगल्या मालाला त्याच्यावरही निघते. मी हौसेने मायक्रोमीटर लावून पाहिलं तर दर वेळी वेगळंच माप, कारण विणलेला दोरा जबड्यात चपटा होतो, तांब्याच्या तारेसारखा गोल राहत नाही. डब्यावरच्या पौंडावर आंधळा विश्वास ठेवू नका एवढं मात्र सांगतो. पौंडाचं किलो करायला २.२ ने भागा, ५० पौंड म्हणजे साडेबावीस किलोच्या जरा वर.

तर मग उन्हाळा आला. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ वर जाते, दुपारी एक ते चार दुकानात कुत्रं येत नाही. नवतप्यात मी शटर अर्धं ओढून कूलरसमोर बसलो आणि एफजी नॉट, ब्रेडला लीडर जोडायची दुसरी एक गाठ, शिकलो. शिकलो म्हणजे किती, पहिल्या आठवड्यात एकही धड झाली नाही.

एफजी गाठीत नवल हे आहे की तिच्यात खरं तर गाठ नाहीच. लीडरला कुठेच मोड नाही, वळसा नाही, तो सरळ राहतो आणि ब्रेड त्याच्यावर आडवा-तिडवा विणला जातो, एकदा वरून एकदा खालून, एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने, बाजेची नवार विणतात ना तसं, फक्त गोल दांड्यावर. जितका ताण येईल तितकी ती विण लीडरला आवळत जाते. त्यामुळे गाठ इतकी बारीक होते की रॉडच्या कड्यांमधून कास्ट करताना, म्हणजे आमिष लांब फेकताना, खटका लागत नाही. डबल युनी किंवा अल्ब्राइट मारली तर ती कड्यात टक्-टक् वाजते, आणि जाड लीडरला तर लाडूच होतो.

करायची कशी ते सांगतो, पण वाचून येणार नाही, हातानेच येईल. ब्रेडला ताण हवा, हे पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. मी रॉड खुर्चीला बांधली, ब्रेडचं टोक खिडकीच्या गजाला, मधला भाग तारेसारखा तंग. त्याच्यावर लीडर आडवा ठेवायचा आणि लीडरच हलवायचा, ब्रेड जागचा हलवायचा नाही. लीडरचं टोक ब्रेडच्या वरून घालून खाली, मग पलीकडून वर, प्रत्येक वेळी वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून बसला पाहिजे, एकावर एक चढला नाही पाहिजे. आम्ही कॉइल भरताना जसं एक वेढा दुसऱ्यावर चढला की पूर्ण कॉइल उपसतो, तेच. दोन्ही बाजूंचे मिळून वीस वेढे, बारीक ब्रेड असेल तर जास्त. मग सगळं बोटात घट्ट धरून ब्रेडचं मोकळं टोक घ्यायचं, लीडर आणि मुख्य ब्रेड दोन्हींवर मिळून एक अर्धी गाठ मारायची की विण उलगडणार नाही. आता थुंकी लावून दोन्ही बाजूंनी ओढायचं. हळू. ब्रेडचा रंग इथे गडद होतो, पोपटी असेल तर जवळपास हिरवा, आणि वेढे लीडरमध्ये रुतलेले बोटाला लागतात. रंग बदलला नाही तर गाठ बसली नाही, मग ती कितीही सुंदर दिसो. त्यानंतर लीडरचं जास्तीचं टोक अगदी सपाट कापायचं आणि पुढे नुसत्या ब्रेडवर पाच-सहा अर्ध्या गाठी, एकदा उजवी एकदा डावी, शेवटी एक आवळून.

माझ्या चुका दोनच होत्या, पण महिनाभर पुरल्या. वेढे घालताना ताण सोडायचो, त्यामुळे विण सैल. आणि आवळायची घाई. हाताने आवळल्यासारखं वाटते पण बारीक ब्रेड बोटं कापतो म्हणून माणूस आपोआप अर्ध्यावर थांबतो. जाड हातमोजे घाला किंवा ब्रेड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीला चार वेढे देऊन ओढा. माझ्या तर्जनीवर अजून एक पांढरी रेघ आहे.

थुंकीचं हसण्यावारी नेऊ नका. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने आत चटका बसतो, नायलॉन आणि फ्लोरो दोन्ही त्या जागी भाजतात, दिसत नाही पण तिथूनच जातात. पाणी चालते, थुंकी बरी. फक्त एक विनंती, तोंडात खर्रा असेल तर आधी चूळ भरा. आमच्या दुकानात एक भाऊ येतात, त्यांना मी मोठ्या हौसेने पांढरी फ्लोरो आवळायला दिली, परत आली तेव्हा ती कत्थई होती आणि तिच्यात सुपारीची कणी अडकलेली, गाठ बसणार कुठून.

गाठ बसली की नाही हे कळायला तपासणी पाहिजे. आमच्या जुन्या घराच्या आड्याला मी दोरी टाकली, खाली लीडर, मधे गाठ, टोकाला रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा. मग मगाने पाणी ओतायचं. एक लिटर म्हणजे एक किलो, वजनाचे दगड नको काही नको. बारीक ब्रेडसाठी हे पुरते. बायको म्हणाली, मोटारी दुरुस्त करता करता हे काय सुरू केलं, पण नंतर तीच पाणी मोजू लागली. ब्रेडमध्ये नुसती साधी गाठ टाकून पाहिली, ३० पौंडाचा म्हणजे साडेतेरा किलोचा दोरा, अर्ध्या डब्याच्या आतच टक् करून गेला. म्हणजे फिरवता-फिरवता लाईनवर वाऱ्याने पडलेली एक छोटीशी गाठ सोडून दिली तर दोऱ्याची किती ताकद जाते, हे डोळ्यांनी पाहिलं. माझी मालवणची डबल युनी, तीच चार वेढ्यांची, तुटली नाही. सरकली. आणि टोक? डुकराची शेपटी. मी ते टोक आणि तिकिटातलं टोक शेजारी ठेवून पाहिलं, जुळे भाऊ. ब्रेडच्या बाजूला आठ वेढे दिले तेव्हा तीच गाठ टिकली, म्हणजे गाठ वाईट नव्हती, मी ब्रेडला नायलॉन समजलो होतो.

जाड मालासाठी डबा पुरत नाही, तिथे धानाचा कट्टा लटकवला. चाळीस किलो. ८० पौंडाच्या, म्हणजे छत्तीस किलोच्या ब्रेडवर एफजी मारून कट्टा सोडला तर तो दोन-तीन मिनिटं डुलला आणि मग ब्रेड वरच्या दोरीपाशी तुटला, एफजी होती तिथे होती. खाली धान सांडलं, कोंबड्यांची चंगळ. त्या दिवशी मी आबांना ओढत आणलं दाखवायला.

आबांना ती गाठ पटली नाही. त्यांनी ती अर्धा तास चाचपली आणि विचारलं, "याच्यात गाठ कुटी हाय?" जाळ्याची गाठ म्हणजे एका दोऱ्याचा फासा आणि दुसरा त्याच्यातून जाऊन स्वतःच्या खाली दबलेला, खलाशी तिला शीट बेंड म्हणतात. मोहाडी-आंधळगावकडे कोशाचं कापड विणणारे कोष्टी तुटलेला धागा जोडतात तीसुद्धा घडणीने तीच, फक्त बोटांची चाल वेगळी. आबांनी ब्रेडचे दोन तुकडे घेऊन आपली गाठ मारली, झटक्यात, न पाहता, आणि मला ओढायला दिली. सरळ सरकून हातात आली. पुन्हा मारली, पुन्हा सरकली. साठ वर्षांची गाठ आणि या मेणचट दोऱ्याने तिला विचारलं नाही. म्हातारा थोडा वेळ काही बोलला नाही, मला वाटलं उगाच आणलं. मग म्हणाले, "या दोऱ्याले पकडाले एकटा नाही पाह्यजे, घोळका पाह्यजे." माझ्या मते एफजीचं याहून चांगलं वर्णन कोणी केलेलं नाही. एका ठिकाणी पकड नाही, वीस वेढे थोडं-थोडं धरतात.

तारेचं काम मात्र मला पहिल्याच दिवशी जमलं, धंदाच तो. सुरमईचे दात म्हणजे ब्लेड, ती मोनो-फ्लोरो साफ कापून नेते, म्हणून काही लोक शेवटचा वीतभर स्टीलची तार लावतात. तिच्यावर गाठ नाही, हेवायर ट्विस्ट मारायचा, आधी दोन्ही तारा एकमेकींवर सारख्या पिळायच्या, चार-पाच पीळ, मग एका तारेचे दुसरीवर चिकटून गोल वेढे. शेपूट पक्कडने कापायचं नाही, तर वाकवून मुठीसारखं करून गोल फिरवायचं, ते आपोआप तुटते आणि टोक राहत नाही. कापलं तर काट्यासारखं टोक राहते आणि पहिल्याच सुरमईला हात फाटते. मात्र तार लावली की चावा कमी येतो, मासा आंधळा नाही. मी स्वतः आता जिगिंगला तार लावत नाही, ६० पौंडाची फ्लोरो लावतो आणि चार जिग गमावायची तयारी ठेवतो. हे मत आहे, वाद घालू नका.

शंभर पौंडाच्या वरची मोनो असेल तर गाठ बसतच नाही नीट, तिथे धातूची स्लीव्ह, म्हणजे छोटी नळी, घालून दाबतात. माझ्याकडे केबलचे लग दाबायचा क्रिम्पर होताच, मी शहाणा, त्याच्यानेच दाबली. त्याचा जबडा वेगळ्या कामाचा, स्लीव्हच्या अगदी काठापर्यंत चेमटवलं आणि त्या काठानेच मोनो कापली, दहा किलोवर. दोन्ही टोकांना थोडी जागा न दाबता सोडायची असते, म्हणजे तोंड तुतारीसारखं उघडं राहते. नवा क्रिम्पर मागवला. आणखी एक, लीडर थेट स्प्लिट रिंगला, म्हणजे किल्ल्यांच्या छल्ल्यासारख्या दुपदरी कडीला, बांधू नका, तिच्या फटीत मोनो जाऊन चिरते. सॉलिड रिंगला, म्हणजे फट नसलेल्या कडीला, बांधा आणि स्प्लिट रिंग त्या सॉलिड रिंगमध्ये घाला.

लीडरची लांबी किती? जिगिंगला मी दोन वाव ठेवतो, कास्टिंगला एक. रेकॉर्डचं वेड असेल तर आयजीएफए म्हणून संस्था आहे, १९३९ पासूनची, तिचे नियम आहेत, २० पौंडापर्यंतच्या लाईनला समुद्रात लीडर १५ फुटांपर्यंत आणि त्याच्या वरच्या लाईनला ३० फुटांपर्यंत. आपल्याला काय करायचंय रेकॉर्ड.

ड्रॅगचं मात्र सांगतोच. ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक, किती ओढ आली की लाईन सुटायला लागेल ते. अंगठ्याच्या अंदाजाने लावू नका. कापूस-धान मोजायचा लटकता काटा कडुनिंबाला बांधा, लाईन त्याच्यात अडकवा आणि रॉड वाकवून ओढा. लाईनच्या ताकदीच्या चौथाई ते तिसरा हिस्सा, बस. पाच किलो ऐकायला काही नाही, पण लांब रॉडच्या टोकावर पाच किलो म्हणजे मनगट बोंबलते, गावातली पोट्टी पाहायला जमली होती, प्रत्येकाने ओढून पाहिलं आणि सहा किलोच्या पुढे कोणी गेलं नाही. आणि मोटारवाल्यांना लगेच कळेल अशी गोष्ट, ब्रेकचा टॉर्क तेवढाच राहतो पण मासा लाईन घेऊन पळाला की स्पूलवरचा, म्हणजे रीलमधल्या लाईन गुंडाळायच्या चाकावरचा, घेर कमी होतो. घेर निम्मा झाला की ओढ दुप्पट. म्हणजे काट्यावर पाच लावलेला ड्रॅग स्पूल रिकामी होता-होता दहाचा होतो आणि माणूस घाबरून अजून आवळतो. तिथे आवळायचं नाही, सोडायचं. स्पूलवर ब्रेड थेट भरला तर तो गोल फिरून सरकतो, त्याच्याखाली आधी थोडी मोनो भरा. मी भरतो कॉइल मशीनवर, काउंटर आहे, वेढे मोजून, हाताला फडकं लावून ताण देत. माझी स्पूल पाहून पुण्याचा दोस्त म्हणाला कंपनीतून भरून आणली का.

फेब्रुवारीत पुन्हा गेलो. तोच तांडेल. त्याने माझी गाठ बोटाने चाचपली, रॉडच्या कड्यातून दोनदा मागेपुढे ओढली आणि काही न बोलता इंजिन सुरू केलं. सकाळी दोन कुपे, म्हणजे ट्युना मासे, आले, लहान, चार-पाच किलोचे, होडीला गोल-गोल फिरवून हात भरून आणले. एक हेकरू खडकात शिरलं, तेही निघालं, लीडर बाहेर काढला तर दोन हात खरखरीत झालेला, तेवढा कापून टाकला आणि पुन्हा बांधलं. दहाच्या सुमारास जिग वर येताना मधेच ठोका बसला, रील किंचाळली, मी ड्रॅगला हात लावला नाही. चाळीस-पन्नास मीटर लाईन एका दमात गेली. आणि मग हलकं.

फिरवत आणलं. ब्रेड आला, एफजी आली, गडद हिरवी, जशीच्या तशी, तिच्या पुढे फ्लोरो आली, दोन वावांतली जवळपास पूर्ण, आणि जिग जिथे होती तिथे काही नाही. दोस्ताने कपाळावर हात मारला. तांडेल माझ्याकडे पाहून राहिला होता, मी बहुतेक हसत असेन.

परत आल्यावर टोक आबांना दिलं. या वेळी तिकिटात नाही, छोट्या वार्निशच्या डबीत ठेवून आणलं होतं. जून लागला होता, कोकणात आता दोन महिने बोटी बंद आणि माझ्याकडे जळलेल्या मोटारींची रांग, वेळच नव्हता भेटायला. आबा ओसरीवर जाळं शिवत बसले होते. त्यांनी तसंच केलं, अंगठा-बोटातून सरकवलं, नखाने टोक खाजवलं. मग एफजीवर बोट थांबलं, तिथे जरा वेळ राहिलं.

"दातानं नेली," ते म्हणाले. "कोनता मासा व्हता?"

म्हटलं सुरमई असेल, पाहिला नाही.

"मंग कायले तोंड पाडून बसला? दे इकडं, हा हिरवा दोरा जाळ्याच्या काठाले चांगला पुरन."